आधी गणपती

धुपाचा दाट वास आला की मला एडिनबरातला तो भाड्याचा हॉल आठवतो. ऐंशीच्या दशकातली दुर्गापूजा, शेवटचा दिवस. बंगाली बायका रांगेनं स्टुलावर चढून देवीच्या ओठांना मिठाई लावून तिला निरोप देत होत्या. मी उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन उभी, आणि देवीच्या मुलांमधला आमचा मातीचा गणपती बिचारा अगदी कडेला, बंगाली रिवाजानं साडी नेसवलेल्या केळीच्या रोपाशेजारी. माझं डोकंच फिरलं. निदान माझ्या मोदकांचा तरी पहिला मान दुसऱ्या कुणाला मिळू द्यायचा नाही, असं ठरवून मी रांग सोडली. "अगं, लोक बघतायत," नवरा पुटपुटला. "बघू देत. आधी गणपती." स्टूल धरून एक म्हाताऱ्या बंगाली बाई उभ्या होत्या. त्यांना मी ताडताड शास्त्र ऐकवलं. त्या हसल्या. "यहाँ तो वो माँ के साथ नानी के घर आया है. बच्चा सफर में भूखा थोड़े ही जाएगा," म्हणत त्यांनी स्टूल त्याच्यापुढे सरकवलं. मी मोदक भरवला आणि गड जिंकल्यासारखी खाली उतरले. आता आजी झाल्यावर कळतं, बाईंनी त्या दिवशी दोन मुलांचे लाड केले, आणि त्यातलं मातीचं पोर जास्त शहाणं होतं.