मागे वळून बघायचा उतारा

आधी अक्कांबद्दल सांगते, मग बाकीचं. बंगळूरच्या चामराजपेटेत आम्ही वरच्या खोलीत भाड्यानं राहतो आणि त्या खालच्या मजल्यावर. कन्नड शाळेत लहान मुलांना शिकवून निवृत्त झाल्या. घरात मराठीच बोलतात, पण त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे त्यांची मराठी आमच्या बार्शीकडच्या मराठीसारखी नाही. पहिल्या दिवशी जिन्यात त्यांनी विचारलं, "जेवण झालं काय ग? स्वल्प सारू देऊ?" मला त्यातलं अर्धंच कळलं, पण बरं पूर्ण वाटलं. स्वल्प म्हणजे थोडं आणि सारू म्हणजे सार, हे मागाहून कळलं. इंग्रजीचा पेपर मी दुसऱ्यांदा देऊ शकले ती त्यांच्यामुळे. पास झाले का, ते अजून ठाऊक नाही. म्हणूनच आत्ता लिहिते आहे. निकाल लागल्यावर लिहिलं असतं तर आभार निकालाचे झाले असते.

मी नववीत असताना आई आजारी पडली. घरचं बघायला दुसरं माणूस नव्हतं. एका सोमवारी शाळेत गेले नाही, आणि मग गेलेच नाही. मावशी म्हणाली, "आता तिकडं मागं वळून बघू नको. बघितलं की पाय अडखळतो." मीही बघितलं नाही. पुढं लग्न झालं, नवऱ्याला इथल्या छापखान्यात काम होतं, म्हणून बंगळूरला आले.

सर्जापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये मी बाळ सांभाळते. बाळाची आई पुण्याची, कंपनीत मोठ्या कामावर. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला ताई म्हणतात, त्यामुळे बाळ दोघींनाही ताई म्हणायला शिकलं. एक दिवस त्या म्हणाल्या, "बेबी दोन वर्षांची झाली की तिला खालच्या डे-केअरमध्ये टाकू म्हणतोय आम्ही." माझ्या हातात बाळाची वाटी होती. ती मी पुसतच राहिले. त्यांना ते दिसलं असावं. "तिथे हेल्पर लागतात. मी बोलेन ना तुमच्यासाठी. फक्त टेन्थ पास कंपल्सरी आहे हो."

म्हणजे दहावी झाले तर बाळाबरोबर मीही खाली जाणार. नाही झाले तर काम संपलं. एकट्या छापखान्याच्या पगारात या शहरात राहणं होत नाही, मग दिरांच्या घरी परत. हे नवरा-बायकोत आम्ही कधी बोललो नाही, पण स्वयंपाक करताना दोघंही गप्प असायचो ते याच्यामुळंच.

बाहेरून दहावीला बसले. बाकीचे विषय निघाले. इंग्रजी राहिलं, आणि तेही उताऱ्यात. निकाल घेऊन आले तेव्हा अक्का दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मला उतारा जमत नाही हो, अक्का."

त्यांचा हात सुपातच थांबला. "कुणाला दृष्ट लागली?"

"तसलं नाही. परीक्षेचा—"

"परीक्षेला पण उतारा टाकतात काय तुमच्याकडं? लिंबू कुठं ठेवता, पेपरावर?"

मला रडू आलेलं होतं, तरी हसू फुटलं. म्हटलं, वाचायचा उतारा. मजकूर देतात, खाली प्रश्न असतात.

"हां, प्यासेज! सरी, सरी, कळलं. आधी सांगायचं नाही? मी दहीभात कालवायला उठालते." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "आइतवारी सकाळी ये. पेन घेऊन ये. रडणं वरच ठेवून ये."

त्यांच्याकडे एक जुनं इंग्रजीचं पुस्तक होतं. त्यातला झोपेवरचा उतारा त्यांनी मला आठवडाभर आधी वाचायला दिला. बसमध्ये वाच म्हणाल्या. मार्केटहून बस धरायची, पुढं एकदा बदलायची, वेळ भरपूर मिळायचा. शब्द अडायचे, पण अर्थ हळूहळू लागला. माणूस झोपला तरी मेंदू झोपत नाही, असं त्यात होतं. दिवसभरात बघितलं, ऐकलं, शिकलं ते तो रात्री निवडतो, ठेवायचं ते ठेवतो, नको ते टाकतो. स्वप्न पडत असताना तर तो जागेपणीइतकाच कामात असतो आणि मिटलेल्या पापण्यांखाली डोळे हलत राहतात, लहान बाळं तर तेव्हा हसतातही. शेवटी लिहिलं होतं की ज्याला पुरेशी झोप मिळत नाही, त्याच्या लक्षात शिकलेलं नीट राहत नाही.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "झोपेत पण काम करतो? मग ओव्हरटाइम कोण देतं त्याला?"

मी हसले, पण ते शेवटचं वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं. नापास झाल्यापासून मला झोप लागत नव्हती. आता त्यात ही भर पडली, की झोप नाही तर पाठांतर राहणार नाही, पाठांतर नाही तर पास होणार नाही. मग मी झोपायचा अभ्यास सुरू केला. डोळे घट्ट मिटायचे आणि मनात म्हणायचं, आता लाग, आता लाग. जेवढं म्हणावं तेवढी ती लांब पळायची. दिवसा मात्र यायची. एका सकाळी बसमध्ये अशी डुलकी लागली की माझा स्टॉप गेला, त्यापुढचे किती गेले कळलं नाही. पोचले तेव्हा ताई बाळ कडेवर घेऊन, कानाला फोन लावून दारातच उभ्या होत्या. फोनवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "आज माझी मीटिंग होती हो." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आइतवारी अक्कांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मी तो उतारा पुन्हा वाचला, पुस्तक मिटून लांब सरकवलं आणि उत्तरं लिहिली. मी पुस्तक मिटलं ते अक्कांनी पाहिलं. चष्मा लावून माझी उत्तरं वाचू लागल्या. वर्गात वाचावं तसं, मोठ्यानं.

"पहिला प्रश्न. झोपेत मेंदू काय करतो? उत्तर, विश्रांती घेतो. हे कुठं लिहिलंय?"

"सगळ्यांना माहीतच आहे की, अक्का."

"सगळ्यांना कुठं विचारलंय? ह्याला विचारलंय." त्यांनी पुस्तकावर टिचकी मारली. "दुसरा. झोपलेल्या बाळाच्या पापण्या का हलतात, बाळ का हसतं?" आणि त्या थांबल्या. "हे काय लिहिलीस?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की सटवाई देवी येऊन त्याला हसवते. आमच्याकडे असंच म्हणतात. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवतेय, ओठ काढले की रडवतेय. ताईंचं बाळ दुपारी झोपेत हसायचं तेव्हा मी हेच म्हणत आले.

अक्का इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "सटवाई खरी असंल ग. मी नाही म्हणत नाही. पण ती ह्या प्यासेजात आलेली नाही!"

तशाच हसत त्यांनी तिसरं उत्तर वाचायला घेतलं. कमी झोपणाऱ्या माणसाचं काय होतं, असा प्रश्न होता. अर्धं वाचून आवाज उतरला. उरलेलं त्यांनी मनातच वाचलं. मी लिहिलं होतं, मला झोप येत नाही. डोकं गरम असतं. आमटीत मीठ दोनदा पडतं. मी परत नापास होणार आहे.

मार्क मिळावेत म्हणूनच मी ते लिहिलं होतं. मला वाटलं होतं उत्तर हेच आहे.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बसचं सांगितलं, ताईंचं सांगितलं, डोळे मिटून म्हणायचं ते आता लाग, आता लाग तेही.

"अय्यो, तू झोपेची पण परीक्षा द्यालीस काय ग?"

मी मान खाली घातली. त्यांनी पुस्तक माझ्यासमोर उघडून ठेवलं. "मिटलीस कशाला?"

"बघून लिहिलं तर कॉपी होईल ना."

त्यांना आधी खरंच वाटेना. मग मी दुसरंही सांगितलं, जे मलाच तेव्हा बोलता बोलता आठवलं. लहानपणी भावाचा ताप उतरेना तेव्हा आईनं त्याच्यावरून भाकरीचा उतारा उतरवला होता आणि तो तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, ठेवायला मला बरोबर नेलं होतं. ठेवला आणि माझा हात धरून ती झपाझप निघाली. "मागं बघायचं नाही. कुणी हाक मारली तरी नाही." मी मान ताठ धरून घरापर्यंत आले. शाळेत बाई उतारा म्हणायच्या तेव्हाही मला तीच तिकटी दिसायची.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तो उतारा वेगळा. त्याच्याकडं मागं वळून बघितलं तर ते पाठीस लागतंय. हा असा की ह्याच्याकडं बघितलं नाही तर परीक्षा पाठीस लागती. प्रश्न वाचायचा, मागं वळायचं. परत प्रश्न, परत मागं. लाज नाही त्यात. त्यांनी कागदावर छापून दिलाय तो कशाला?"

निघताना मी पुस्तक उचललं तर त्यांनी ते काढून घेतलं. "हे आजपासून माझ्याकडं झोपंल. सकाळी येऊन उठव."

त्यानंतर रोज संध्याकाळी पुस्तक त्यांच्या फळीवर जायचं. लगेच झोप लागू लागली असं नाही. पण रात्री उठून हात लावायला पुस्तकच नसायचं, आणि खाली ते अक्कांच्या डब्यांशेजारी पडलंय हे आठवलं की मी कूस बदलून पडून राहायचे. सकाळी पाणी भरून झालं की मी ते आणायला जायचे. "उठलं काय ग ते?" त्या आतून विचारायच्या. पुस्तकाच्या नावानं त्या माझ्याच झोपेचं विचारत असायच्या, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

परीक्षेत झोप आली नाही. मुंग्यांचा उतारा आला. मुंग्या एका रांगेत का चालतात, असा प्रश्न होता. त्यांना शिस्त असते म्हणून, असं मी लिहायला घेतलं आणि पेन अडलं. मागं वळले. दुसऱ्या परिच्छेदात होतं की पुढची मुंगी वाटेवर वास सोडत जाते, मागच्या त्या वासानं चालतात. खोडून तसं लिहिलं. प्रत्येक प्रश्नाला वळले. एका शब्दाचा अर्थ शेवटपर्यंत लागला नाही. त्या उत्तराची भीती अजून आहे.

बाळ दोन वर्षांचं झालं. आता सकाळभर खाली डे-केअरमध्ये जातं, आणि निकाल येईपर्यंत दुपारी मी त्याला वर आणते. काचेतून आतल्या बायका दिसतात, त्यांचे निळे एप्रन दिसतात. ताई म्हणतात, "येईल हो निकाल." कधी कधी पुन्हा जाग येते आणि मग मी तो मेंदू आठवते, निवडत बसलेला. तो माझ्या आयुष्यातलं काय ठेवतो, काय टाकतो कोण जाणे.

परवा अक्कांना सांगितलं की मी हे लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "वाच की मग." मी कागद पुढं केला तर हात मागं घेतला. "मला नको देऊ. मराठी तोंडात आहे, डोळ्यात नाही. शाळेत शिकलेली हिंदीची अक्षरं जुळवत बसले तर रात्र व्हायची. आमच्याकडं सगळ्यांचं असंच." एवढ्या पिढ्या मराठी बोलत आल्या त्या घरात, पण मराठी पुस्तक कुणी वाचलेलं नाही.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. निकाल काहीही लागो, इथं राहायला मिळो की परत जावं लागो, एक दिवस मी अक्कांना मराठी वाचायला शिकवीन. उंबऱ्याशी मी बसेन, त्या आत. सोपा उतारा निवडून देईन. आणि त्या उतावीळपणे आपल्या मनचं उत्तर देऊ लागल्या की पुस्तकावर टिचकी मारून म्हणेन, अक्का, मागं वळून बघा.