भाऊजींचं राउटर

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या भाऊजींचा, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मारेगावात त्यांच्या घरी राहून, रोज एसटीनं वणीला जाऊन मी बी.एस्सी. झालो. हे मी विसरणार नाही. पण या माणसानं मला जितका वैताग दिला तितका दुसऱ्या कुणीच दिला नाही, हेही खरं.

कापसाची ती वर्षं वाईट होती. भाऊजींनी शेत बटाईनं दिलं आणि एरवी फक्त उन्हाळ्यात करायचे ते सुतारकाम बारा महिने धरलं. लोकांनी घरं बांधणं थांबवलं होतं. साध्या दाराला गिऱ्हाईक नव्हतं, पण नक्षीच्या दारासाठी लांबून माणसं येतील असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी राउटर आणलं. दोन मुठी धरून लाकडावर फिरवायचं जड मशीन. खालचं पातं गरगर फिरतं. साच्याच्या कडेनं नेलं की सागवानात वेल, मोर, कमळ उमटत जातं. भाऊजींचा हात फार छान चालायचा.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. लाइन गेली की ते बटण बंद करत नसत. मशीन तसंच लाकडावर टेकवून चहाला निघून जात. ही सवय विहिरीवरच्या मोटारीची. शेतात लाइन कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून मोटार कुणी बंद करत नाही. लाइन आली की पाणी आपोआप सुरू होतं. मी समजावलं, चिडलो, शेवटी भिंतीवर खडूनं ‘बटण बंद करा’ असं लिहिलं. त्यांचं उत्तर ठरलेलं.

“मंग लाइन आली हे मले समजन कसं, साळेसाहेब?”

वस्तीतल्या विहाराचं दार करायला घेतलं तेव्हाची गोष्ट. दारावर मोठं पिंपळपान कोरलं होतं, फक्त देठ राहिला होता. लाइन गेली. भाऊजी मशीन पानावर टेकवून आत गेले. आम्ही चहा पीत असताना बाहेर घरघर सुरू झाली. धावत गेलो तर राउटर एकटंच दारावरून पळत होतं. पानातून आडवा चर पाडून ते खाली पडलं आणि वायरीला लटकून फडफडायला लागलं. भाऊजी त्याला पकडायला वाकले. मी पिन उपटली तोवर त्यांच्या बाहीची चिंधी झाली होती. हात थोडक्यात वाचला.

ते दाराकडेच पाहत होते. “पान गेलं,” म्हणाले.

ताई दारातून म्हणाली, “पान दुसरं होते. बोटं काही बजारात नाही भेटत.”

त्या चरात त्यांनी सागवानाची पट्टी बसवली आणि तिचीच पानाची शीर केली. विहारातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, ही शीर वाकडी काहून? भाऊजी गंभीरपणे म्हणाले, “त्या दिवशी हवा होती, बाबा.”

मला वाटलं, आता तरी शहाणे होतील. मी मशीनशेजारी एक बल्ब लावून दिला. बल्ब पेटला की लाइन आली, म्हणजे मशीन चालू ठेवायची गरजच नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बल्ब बंद आणि राउटरचं बटण चालू. दिवसा दिवा कायले जाळायचा, असं त्यांचं म्हणणं.

मग मला पुसदला शाळेत नोकरी लागली. तिथून त्यांना हे पत्र पाठवलं:

भाऊजी, सप्रेम जयभीम.

खोली मिळाली, जेवणाची सोय झाली. काल मुलांना विजेचा धडा शिकवला. चालू बटणाचं उदाहरण द्यायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. तुमचं नाव सांगितलं नाही, पण मुलं खूप हसली. मला हसू आलं नाही. पिन उपटायला आता मी तिथं नाही. मी शिकलो तो तुमच्या हातांच्या जिवावर, आणि ते हात मला जसेच्या तसे हवे आहेत. चहाला उठाल तेव्हा बटण बंद करा. बल्ब दिवसा जळतो, तर जळू द्या.