बेटावरची पाहुणी

गारखेड्यात गाड्यावर रताळी भाजतात, तो करपट-गोड वास आला की पॅसिफिकमधलं एक चिमुकलं बेट आठवतं. तिथल्या दवाखान्यात मी स्वयंसेवक नर्स होते. पहिल्याच संध्याकाळी गावानं आमच्या पथकासाठी अख्खं डुक्कर भाजलं.

पथकप्रमुख पुटपुटले, "एक घास खा, लोकांना वाईट वाटेल."

"सर, मी मुसलमान. नाही खाणार. आणि हे मीच त्यांना सांगणार."

यजमानीण म्हातारी होती. तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती सरांकडं बघून म्हणाली, "पाहुणी माझी आहे." मग विस्तव उकरून तिनं माझ्यासाठी फणसासारखं फळ भाजलं. त्याचा वास हाच.

कुणाकडं जेवायला गेलो की माझी मुलं अजून म्हणतात, "अम्मी, लोकांसाठी थोडं जमवून घे."

मी म्हणते, खरंच वाईट वाटतं का, ते आधी लोकांना विचारून तर या.