मावशी पळाली नाही

माझी मावशी कपडे दुरुस्त करायची. कुणाची पँट उसवली, कुणाचा कोट घट्ट झाला की लोक तिच्याकडे यायचे. एका ओळीत पाच गाळे होते. तिच्या शेजारच्यात मामाचं चष्म्याचं दुकान. सख्खे भाऊबहीण, मध्ये एक भिंत, आणि दिवसभर भिंतीवरून आरडाओरड करत गप्पा.

मग ती ओळ एका नव्या मालकाने विकत घेतली. त्याला गाळे रिकामे हवे होते. त्याने एक माणूस पाठवला. काळा चष्मा लावायचा, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणायचे. एका दुपारी तो मावशीच्या दारात टेकला आणि हळूच म्हणाला, "वायरी जुन्या आहेत इथल्या. कापड काय, चटकन पेटतं."

मावशीने मशीन थांबवलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. "मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही हो. जरा मोठ्याने सांगा. यांनाही कळू दे."

गॉगल चुळबुळला. "वायरी जुन्या आहेत म्हणत होतो."

"उपकार झाले," मावशी म्हणाली.

तो गेल्यावर तिने त्या दिवशी लवकर शटर ओढलं. घरी येऊन ती ओकली, हे मला आईने सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी तिने वायरमन बोलावून सगळ्या वायरी बदलल्या. गिऱ्हाइकांचे कपडे रोज संध्याकाळी पोत्यात भरून घरी न्यायला लागली. आणि मग बाकीच्या चौघांना गोळा केलं. गॉगल त्यांच्याही दारात टेकून गेला होता.

"सगळे मिळून पोलिसांत जाऊ. एकटा माणूस रडगाणं गातो, पाच जण गेले की तक्रार होते."

संध्याकाळी सगळे वाघ होते. सकाळी तीन शटरं बंद. चौथा मामा, तो काचा रद्दीत गुंडाळत होता.

"तायडे, जीव राहिला तर सगळं."

"अरे, त्याने अजून काही केलंय का?"

"केल्यावर पळायचं का मग?"

ती दोन गिऱ्हाइकांना घेऊन चौकीत गेली. हवालदार हसला. "बाई, त्याने तर तुमची काळजी केली."

"हो ना. मग तेवढी काळजीच लिहून घ्या. नावानिशी."

तिच्याकडे एक वकीलबाई कोट सैल करायला यायच्या. त्यांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला. मालकाला मावशीला गाळ्यातून हलवता येईना. गॉगल दोनदा समोर उभा राहिला, मावशीने दोन्ही वेळा त्याला हाक मारून सगळ्यांदेखत खुशाली विचारली. पुढे तो यायचा थांबला.

वर्षभराने तो आला तो पँट आखूड करायला. मालकाने त्याला काढून टाकलं होतं. "मावशी, खरं सांगू? आम्हाला नुसतं बोलायला सांगितलं होतं. काडी लावायची नव्हतीच. मालकाला कोर्टकचेरी नको होती."

मामा तोवर दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होता. पोरसवदा मालक त्याला "ओ काका, काच पुसा" म्हणायचा. मावशी धावत त्याच्याकडे गेली. तिला वाटलं, आनंदाची बातमी आहे.

"नुसती हूल होती रे! तुझा गाळा अजून रिकामा आहे. ये परत, मी वकीलबाईंशी बोलते."

मामा पांढराफटक पडला. "म्हणजे मी उगाच पळालो?"

"तसं नाही..."

"तसंच म्हणतेस तू." तो काच पुसत राहिला.

पुढच्या महिन्यात आमच्या नात्यात कुजबुज सुरू झाली. हिचंच दुकान कसं राहिलं? गॉगल हिच्याकडे कपडे शिवायला येतो, दोघांनी आधी ठरवूनच चौघांना हाकललं. हे कुठून निघालं ते सगळ्यांना माहीत होतं. बाकीच्या तिघांनी ते आनंदाने उचललं. घाबरून पळालो म्हणण्यापेक्षा फसवले गेलो म्हणणं सोपं जातं. माझी आईसुद्धा म्हणाली, "आगीशिवाय का धूर निघतो?"

मावशीने एकदाही खुलासा केला नाही. आजही ती चार बंद शटरांच्या शेजारी बसते. ओसाड ओळीत गिऱ्हाईक फारसं फिरकत नाही.

मामेबहिणीच्या लग्नाचं तिला बोलावणं नव्हतं. पण नवरीचा ड्रेस ऐनवेळी सैल निघाला, आणि तो मैत्रिणीच्या हातून गुपचूप तिच्याकडेच आला. तो कुणाचा ते मावशीने ओळखलं. शिवण उसवली, बारीक टाक्यांनी पुन्हा घातली, इस्त्री केली.

"पैसे राहू दे ना, घरचंच आहे," मी म्हणाले.

"कुणाच्या घरचं?" तिने विचारलं, आणि पुरते पैसे घेतले.