चौथी घागर

माझं काम सांगितलं की आमच्या काळाचौकीच्या चाळीत लोक हसतात. एका ऑनलाइन खेळात शेकडो माणसं ओसाड बेटावर तग धरून असतात. त्यांनी कुठलं काम केलं की काय बक्षीस मिळेल, ते मी ठरवते. लोअर परळला एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, झालं.

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी दोन दिवसांत टाकून दिला. "मी काय ल्हान पोर आसंय?" मग मी टॅबवर आमचा खेळ लावून दिला. त्यात विहिरीवरची घागर उजव्या हाताच्या बोटाने ओढत एका म्हातारीच्या दारी न्यायची. ती मूठभर बी देते. पहिला आठवडाभर एकही घागर पोचली नाही. चार महिन्यांनी जेवणाच्या वेळेपर्यंत चाळीस व्हायच्या, आणि शर्टाची बटणं ते स्वतः लावू लागले. पेरून उरलेलं बी बेटावर नव्याने आलेल्यांसाठी विहिरीपाशी ठेवून द्यायचे. कोकणातला माणूस, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवणं जमतच नाही.

ऑफिसात तक्रारी आल्या, बी इतकं झालंय की ते शोधायला जंगलात कोणी फिरकत नाही. मी आकडे काढले. एकच खेळाडू, रोज सकाळभर तेच काम, तीच वाट. आम्हाला नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. "हा माणूस नाहीच, मशीन लावलंय कोणीतरी," मी मीटिंगमध्ये अक्कल पाजळली. दिवसाच्या पहिल्या तीन घागरींना बी, चौथीपासून काही नाही, असं करून टाकलं. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर टॅब बंद आणि बाबा भिंतीकडे तोंड करून.

"तीन घागरींनंतर ती बाई पाणी घेता, पण काय देना नाय. माझा काय चुकला गो?"

तो नंबर बाबांचा होता. तरी मी म्हटलं, "सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल." ऑफिसात नियम परत फिरवायला सांगितला, साहेब म्हणाले, लोक जंगलात जायला लागलेत, आता हात लावू नकोस. शेवटी मी गुपचूप बाबांच्या खेळातल्या झोळीत पाचशे बिया टाकल्या.

"ह्या कोणी दिल्यान?"

"कंपनीने. बक्षीस."

त्यांनी टॅब माझ्याकडे सरकवला. "माका फुकटचा नको. काय काम असात तर सांग."

अख्ख्या बेटाला कामं लावणारी मी, मला एकही सुचलं नाही.

टॅब तेव्हापासून बंदच आहे. आता रविवारी त्यांची नखं मी कापते. उजवी मूठ आपली आपण उघडत नाही. एकेक बोट धरून सोडवावं लागतं. चूक कोणाची होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.