वरच्या वस्तीसाठी उठलेला हात

महिना झाला. मुरुमच्या शाळेत तास संपवून बाहेर आले, तर आईचा फोन. "शमशादचाची गेल्या गं..." एवढंच ती बोलली.

चाची आमच्या माकणीजवळच्या गावात, खालच्या गल्लीत कपडे शिवायच्या. आमचं घर वरच्या वस्तीत, टेकाडावर. विहीर खाली, वर थेंब नाही. आई दिवसभर खेपा करायची आणि उन्हाळ्यात मीही शाळा बुडवून तिच्यामागं घागर घेऊन चालायची.

मी नववीत असताना नळयोजना आली. सरकार पैसा देणार, पण गावानं आपला वाटा उचलायचा. त्यासाठी ग्रामसभेत हात वर करून मत द्यायचं होतं. खालची गल्ली विरोधात होती. "आमाला हिर हाय. आमी कशाला भरावं?" हे म्हणणारे चाचींचे दीरच होते. तेवढ्यात बायकांमधून चाची उठल्या आणि आईशेजारी बसलेल्या माझ्याकडं त्यांनी बोट केलं.

"भाईजान, हिर आपल्या दारात हाय म्हणून दुसऱ्याची तहान कळंना झाली व्हय? ही पोरगी शाळा सोडून माझ्या दारावरनं घागर नेती. मला लई शरम वाटती. माझा हात वर हाय. आन् सरपंचसाहेब, पहिला नळ वरच्या वस्तीला, हे ठरावात लिहा."

मग खालच्या गल्लीतल्याच चार बायकांनी हळूहळू हात वर केले. आमच्या वस्तीच्या हातांत या पाच हातांची भर पडली, म्हणूनच ठराव पास झाला.

त्यानंतर दीर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. गल्लीतलं शिवणकामही तुटलं. चाचींनी कुणाला काही ऐकवलं नाही. आमच्या वस्तीतल्या बायका टेकाड उतरून त्यांच्याकडंच ब्लाउज टाकू लागल्या. पुढच्या ईदला दीर स्वतःच शिरखुर्मा घेऊन दारात आले.

नळाला पहिलं पाणी आलं त्या सकाळी आईनं चाचींना वर बोलावून आणलं. ओंजळभर पाणी पिऊन त्या मला म्हणाल्या, "आता बहाणा न्हाय चालायचा. उद्यापासून रोज शाळा." मी गेले. आज त्याच शाळेच्या जिवावर दुसऱ्यांच्या मुलींना शिकवते.

परवा त्यांच्या घरी जाऊन आले. नळाला पाणी आलेलं होतं. सूनबाईंनी दोन घागरी भरल्या आणि तोटी बंद केली. शेजारी हंडा रिकामाच होता. मी त्याच्याकडं बघतेय हे पाहून त्या म्हणाल्या, "अम्मींनी लावलेली सवय हाय, ताई. खाली नळ चालू राहिला की वर पाणी चढत न्हाय."