बाईंचा उजवा डोळा

माझी बायको डोळ्यांच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं एकच वाक्य बोलत आली. ‘काही होत नाही.’ ऑपरेशनच्या खोलीबाहेर उजव्या हाताला तिचं टेबल आहे. मोतीबिंदू म्हणजे काय, कुठला थेंब कधी घालायचा, तोंड धुताना डोळ्यात पाणी का जाऊ द्यायचं नाही, हे सगळं पेशंटला समजावायचं, घाबरलेल्याला धीर द्यायचा आणि यादीत नाव लिहायचं, हे तिचं काम. टेबलावर ‘समुपदेशक’ अशी पाटी आहे. ती कुणी वाचत नाही, आणि वाचता आली असती तर ती माणसं तिथे आलीच कशाला असती? सगळे तिला मागून ‘काही-होत-नाही बाई’ म्हणतात आणि तोंडावर नुसतं बाई.

मी तिचा नवरा. पोस्टात पस्तीस वर्षं शिक्के मारले आणि आता निवृत्त आहे. रोज बाराच्या सुमारास तिचा डबा घेऊन जातो आणि ती मोकळी होईपर्यंत पेशंटच्या बाकावर बसतो. त्यामुळे सांगतोय ते ऐकीव नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो. मला बायकोचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. नवऱ्याने बायकोचं कौतुक केलेलं ज्यांना सोसत नाही त्यांनी इथेच थांबावं.

गेल्या वर्षी आमच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर नोकरी सोडून गेले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. वय असेल तिशीचं, पण दिसायला अशा, की कुणीतरी आजीला सोबत म्हणून आलेली नात वाटावी. पेशंट त्यांच्यासमोर बसून त्यांनाच विचारायचे, “डॉक्टर कधी येणार?” दिवसाला वीस नावांची यादी सहा-सातवर आली. बायको मात्र रोज घरी येऊन सांगायची, “अहो, हात बघा त्या पोरीचा. जराही थरथरत नाही.” आणि टेबलावर पेशंटला सांगायची, “काही होत नाही, मॅडमचा हात हलका आहे.”

मॅडमनी आल्या-आल्या एक नवीन काम काढलं. दवाखान्यातल्या सगळ्यांचे डोळे तपासायचे. माझ्या बायकोने डावा डोळा झाकला आणि भिंतीवरचा तक्ता वरून खालपर्यंत घडाघडा वाचला, शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीसकट. मॅडम उठल्या, तक्ता खिळ्यावरून काढला, मागची वेगळ्या अक्षरांची बाजू पुढे करून टांगला आणि म्हणाल्या, “आता वाचा.” बाईंना दुसऱ्या ओळीपलीकडे एक अक्षर सांगता येईना. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकत आला होता.

तिने फसवलं नव्हतं, बरं का. सत्तावीस वर्षं तो तक्ता समोर. तिला खरंच वाटत होतं की आपल्याला दिसतंय. घरी येऊन मला म्हणाली, “पाठ असलं की बघायला लागत नाही हो.” गेले काही महिने ती पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर ओतत होती आणि मी तिला वेंधळी म्हणत होतो, त्याची मला लाज वाटली.

बातमी मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचली. त्यांचा फोन आला, “बाई, इतकी वर्षं आपण एकत्र काम केलं. तुमचा डोळा मीच करणार. गुरुवारी या.” मी तर लगेच हो म्हणून टाकलं. तिनेही रजेचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्याच आठवड्यात घड्याळवाले आले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. वय सत्तरच्या पुढे. डावा डोळा काचेचा, आणि उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू. ही त्यांची तिसरी खेप. दर वेळी सगळं ऐकून घ्यायचे आणि नाव न लिहिता उठायचे. हात भिंतीवर ठेवून चालायची वेळ आली होती. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस, आता दुकानात नुसता बसून असायचा.

बायकोने सुरुवात केली, “बाबा, आणखी थांबलात तर बिंदू दगडासारखा होईल, मग काढायला अवघड. काही होत नाही. मॅडमचा हात...”

“बाई,” ते मध्येच म्हणाले, “पहिल्या डोळ्याच्या वेळी मला दुसऱ्या एका ठिकाणी असंच सांगितलं होतं, काही होत नाही म्हणून. डोळा गेला. विचारायला गेलो तर ज्याने सांगितलं होतं तो बदली होऊन गेलेला. मी घड्याळ दुरुस्त केलं ना, की आठ दिवस माझ्या मनगटावर बांधतो. चुकलं तर माझी वेळ चुकते. मगच गिऱ्हाइकाला देतो. तुम्ही सांगा, तुमचा डोळा या मॅडमच्या हातात द्याल?”

मी बाकावरून कान टवकारले. बायकोने ‘हो’ म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? घड्याळवाल्यांना तिचा डोळा दिसत नव्हता आणि ड्रॉवरही दिसत नव्हता. तिने यादी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बाबा. पण मी मोठ्या डॉक्टरांकडे जाणार आहे. गुरुवारी.”

“बरं झालं, खरं बोललात,” घड्याळवाले म्हणाले आणि भिंत चाचपत निघून गेले.

त्या संध्याकाळी आमच्या घरी भांडण झालं. मी म्हटलं, “त्या म्हाताऱ्याचं काय मनावर घेतेस? मोठे डॉक्टर आपण होऊन बोलावतायत आणि तुला नाही ते सुचतंय!”

“मॅडमचा हात चांगला आहे असं मला वाटतं की नाही?” तिने विचारलं.

“वाटतं.”

“मग मी शहराच्या त्या टोकाला कशाला चाललेय? आणि वाटत नसेल, तर रोज सहा-सहा माणसांना खोटं का सांगतेय?”

“अगं, पण डोळा आहे तो!”

“त्यांचेही डोळेच असतात हो.”

उत्तर नसलं की माझा आवाज वाढतो. तसा तो वाढला. ती शांतपणे म्हणाली, “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सत्तावीस वर्षं तक्ता पाठ होता, तसं हे वाक्यही पाठ होतं. कधी बघितलंच नाही मी, की आपण काय म्हणतोय.” आणि माझ्यासमोर रजेचा अर्ज फाडला.

दुसऱ्या दिवशी तिने यादीत सातवं नाव स्वतःच्या हाताने स्वतःचं लिहिलं. मॅडम धावत आल्या. “बाई, तुम्ही सरांकडेच जा. मला टेन्शन येईल.”

“माझा डोळा जड वाटतो का मॅडम?” बायको म्हणाली. “मग रोजचे सहा हलके कसे वाटतात?”

त्या पोरीचा चेहरा उतरला. पण ती पळाली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाली, “परवा सकाळी या. काही न खाता या असं मी सांगणार नाही, ते तुम्हीच सगळ्यांना सांगता.”

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. बायको एकदा इकडे बघते, एकदा तिकडे. म्हणाली, “धुकं आहे.” मॅडमनी यंत्रातून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बुबुळाला सूज आली होती. शंभरातल्या चार-पाच जणांना येते, थेंबांनी दोन-तीन आठवड्यांत उतरते, कधी जास्त वेळ लागतो, असं त्यांनी सांगितलं.

“आणि नाही उतरली तर?” बायकोने विचारलं.

“क्वचित नाही उतरत. मग पुन्हा ऑपरेशन. त्यानंतरही पहिल्यासारखं दिसेल असं मी सांगू शकत नाही.”

मी त्या पोरीला नको नको ते बोललो. इथे लिहीत नाही, कारण त्यातलं बरंचसं खरं नव्हतं आणि जे खरं होतं ते बोलायची ती वेळ नव्हती. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही बाहेर बाकावर बसा बघू.” मी जाऊन बसलो. मनात म्हटलं, गेला डोळा, आणि तोही एका फटकळ म्हाताऱ्यापायी.

दवाखान्याचे व्यवस्थापक भले गृहस्थ. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, “बाई, महिनाभर घरी विश्रांती घ्या, भरपगारी. तुमचा असा डोळा बघितला तर उद्या यादीत एक नाव राहणार नाही.” घरी मीही तेच म्हटलं. फुकटचा सल्ला द्यायला माझंही काही जात नव्हतं.

चौथ्या दिवशी ती टेबलावर हजर. काळा चष्मा लावून गेली होती, पण पेशंट समोर बसला की चष्मा काढायची. लाल डोळा समोर धरायची आणि सांगायची, “हा माझा. याच मॅडमनी केला. सूज आलीय, अजून उतरलेली नाही. शंभरातल्या चार-पाच जणांना येते, त्यात मी आहे. बाकीच्यांना येत नाही. तुम्ही कशात असाल ते मला माहीत नाही. तरी मी सांगेन, करून घ्या, कारण न करता तुमचं दिसणं रोज कमी होतंय.” सत्तावीस वर्षांचं ते वाक्य तिने टाकूनच दिलं.

पहिल्या दिवशी दोघं उठून गेली. एक बाई तर माझ्याच शेजारून उठली आणि जाताना मला म्हणाली, “तुम्हीही पळा.” यादी तीनवर आली. घरी रात्री जेवताना बायको डावा डोळा झाकून माझ्याकडे बघायची आणि मी विचारायचो, “आज?” ती म्हणायची, “आज मिशा दिसतात.” मला मिशा नाहीत. आम्ही दोघंही हसायचो, आणि मग ती थेंबांची बाटली घ्यायला उठायची. ती घाबरली होती. मी तिचा नवरा आहे, मला कळतं. पण सकाळी साडेआठला ती घराबाहेर असायची.

बाराव्या दिवशी घड्याळवाले आले. सूनबाईंनी हाताला धरून आणलं होतं. बातमी बाजारात पोचली होतीच.

“बाई, बिघडलं म्हणे.”

“बिघडलंय, बाबा. अजून बरं झालेलं नाही.”

“दिसतं किती?”

“समोर तोंड आहे एवढं कळतं. नाक कुठेय ते अंदाजाने.”

घड्याळवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. “नाव लिहा.”

मी बाकावरून उठलोच. “अहो, डोकं ठिकाणावर आहे का? निदान हिचं बरं होईपर्यंत थांबा!”

ते आवाजाच्या दिशेने माझ्याकडे वळले. “बरं झाल्यावर सगळेच चांगलं सांगतात, साहेब. डोळा बिघडू शकतो हे मला कळतं, मी यंत्रातला माणूस आहे. मला एवढंच बघायचं होतं, की बिघडल्यावर या टेबलावर कुणी बसलेलं असतं की नाही.”

बायकोने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. “बाबा, एक ऐका. मला दुसरा डोळा आहे. तो होता म्हणून मी हे करू शकले. तुमचा एकच. माझ्यासारखी सूज तुम्हाला आली तर तीन-चार आठवडे काळोख, आणि नशीब वाईट असेल तर कायमचा. तुमची माझी बरोबरी नाही. मी ती आहे असं दाखवणार नाही.”

“हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं असतं तर!” घड्याळवाले म्हणाले. “लिहा. आणि याच मॅडम हव्यात. तुमचा डोळा झाल्यापासून त्यांनी काय केलं?”

बायकोने त्यांच्याजवळ वाकून सांगितलं, ते मला नंतर कळलं. बायकोच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग त्या पोरीने अकरा वेळा पाहिलं होतं. मोठ्या डॉक्टरांना फोन करून, आपलं कुठे चुकलं ते स्वतःहून विचारलं होतं. पिकलेला बिंदू फोडताना यंत्राचा जोर जरा जास्त वेळ लागला होता, बुबुळाच्या जरा जास्त जवळ. त्यानंतरच्या एकाही पेशंटला सूज आली नव्हती. तिला बोललेल्या बोलण्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “काका, तुम्ही बोललात ते बरं झालं. बाई काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.”

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकतो. बायकोची सूज पाचव्या आठवड्यात पूर्ण उतरली आणि मला मिशा नाहीत हे तिला दिसलं. पण घड्याळवाल्यांची पट्टी काढायची होती तेव्हा तिच्या ऑपरेशनला अठरावाच दिवस होता आणि पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी खोलीत मॅडम होत्या, सूनबाई होत्या आणि दारात मी, डब्याची वेळ नसताना. एक दिवस आणि एक रात्र त्या माणसाने संपूर्ण अंधारात काढली होती. मॅडम पट्टीला हात लावायला गेल्या तर ते म्हणाले, “बाईंना काढू द्या.” बायकोने हात धुतले, त्यांच्यासमोर वाकली आणि चिकटपट्टी हळूहळू सोडवली. कापूस बाजूला केला. घड्याळवाल्यांनी पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मॅडमचे हात एकमेकांत घट्ट अडकलेले.

ते बराच वेळ बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. एखाद्या घड्याळाचं झाकण उघडून आत बघावं तसं, अगदी बारकाईने.

“बाई,” ते म्हणाले, “तुमचा डोळा अजून लाल आहे की हो.”

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. सूनबाई हसायला लागल्या. बायको त्यांना थेंब कधी कधी घालायचे ते नेहमीच्या आवाजात सांगू लागली, आणि मी बाहेर बाकावर जाऊन बसलो, कारण माझ्या दोन्ही धड डोळ्यांना समोरचं काही नीट दिसत नव्हतं.